‘हाऊस ऑफ हॅमर’मधल्या चित्रकथा म्हणजे भरताड?

कुंचला
काल सरळरेघ यांनी लिहिलं की भयपटांच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या जुन्या मासिकांतल्या चित्रकथा म्हणजे ‘पानं भरायला छापलेल्या सिनेमाच्या जाहिराती’, आणि आज त्या उकरून काढणारे लोक स्वतःच्या बालपणावर फिदा आहेत. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

जाहिरात कसली? हॅमर ही भयपट काढणारी ब्रिटिश कंपनी. तिच्या सिनेमांवरचं ‘हाऊस ऑफ हॅमर’ हे मासिक संपादक डेझ स्किनने लंडनहून काढलं १९७६ साली. त्यात चित्रकथा कोणत्या? ‘ड्रॅक्युला’, सिनेमा १९५८ चा. ‘कर्स ऑफ फ्रँकेनस्टाइन’, १९५७ चा. ‘कर्स ऑफ द वेअरवुल्फ’, १९६१ चा. इतक्या जुन्या सिनेमांची तिकिटं कोण खपवतं? हॅमरचं भयपट काढणंच तोवर जवळपास थांबलं होतं. शिवाय ब्रिटनमध्ये या सिनेमांना ‘एक्स’ प्रमाणपत्र. १९७० पासून १८ वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही. घरोघरी व्हिडिओ अजून यायचा होता. शाळकरी पोराला ते सिनेमे भेटायचे बहुतेक याच पानांवर.

आणि हॅमरची ओळख काय? रंगीत, लालभडक रक्त. चित्रकथेची पानं कृष्णधवल. म्हणजे सिनेमाचं मुख्य हत्यारच काढून घेतलेलं. चित्रकार जॉन बोल्टनने ‘वेअरवुल्फ’ नुसत्या शाईवर उभा केलाय. एकदा नीट बघा.

सरळरेघ
बघितलंय. चेहरे सिनेमाच्या फोटोंबरहुकूम, आणि दीड तासाचा सिनेमा मोजक्या पानांत कोंबलेला. हुबेहूब चेहरा म्हणजे चित्रकथा नव्हे. भयकथाच वाचायची तर अमेरिकन प्रकाशक वॉरनचं चित्रकथांचं मासिक ‘क्रीपी’ वाचा. तिथे लेखक स्वतःची गोष्ट सांगतो.

दिवाभीत
‘क्रीपी’ काय आभाळातून पडलं? वॉरनने १९५८ मध्ये फॉरेस्ट अ‍ॅकरमनला घेऊन ‘फेमस मॉन्स्टर्स’ काढलं, निव्वळ चाहत्यांचं मासिक. त्याचं भावंड ‘मॉन्स्टर वर्ल्ड’. त्यात १९६४ ला वॉली वुड आणि रस जोन्स यांनी ‘द ममी’ची चित्रकथा केली. ‘क्रीपी’ त्याच सुमारास आलं आणि त्याचा पहिला संपादक हाच रस जोन्स! १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे अमेरिकन कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःला घालून घेतलेल्या नियमांनी, व्हँपायर हद्दपार केले होते. मासिकाच्या आकारात छापलं की कोड लागू होत नाही, ही पळवाट वॉरनने आधी चाहत्यांच्या मासिकातच वापरली. तुम्ही ज्यांना भरताड म्हणता त्यांच्याच पोटातून तुमचं आवडतं मासिक जन्मलंय.

खवीस
तुमचं चालू द्या, पण नेटवर फिरणारे स्कॅन कुणी केलेत? कागद पिवळा दिसतो म्हणून पांढरा करतात आणि करड्या छटा धुऊन टाकतात. बोल्टनचं धुकं गायब! हे बघून मत बनवणाऱ्याला ती चित्रं सपाटच वाटणार.

ठाणेकरीण
स्कॅन मुळात चोरी आहे. छटा कसल्या मोजताय? चित्रकाराला दमडी मिळत नाही. मी स्वतः चित्रं काढून पोट भरते. माझी पुस्तकातली चित्रं न विचारता फॉरवर्ड होतात आणि वर ‘प्रसिद्धी मिळते की’ असं ऐकवतात. संताप होतो.

खवीस
ताई, राग मान्य. पण मग वाचायचं कुठून? एका संग्राहकाकडे अंक आहेत. मी हात जोडून म्हटलं, तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर बसून पाहतो. तर म्हणे पिशवीचं सील फुटलं की किंमत पडते. ज्याने कधी पान उलटलं नाही त्याचा हक्क मोठा, आणि वाचणारा चोर?

ठाणेकरीण
संग्राहक चिकट आहे म्हणून चित्रकाराला लुटायचं? वॉरनची कंपनी १९८३ ला बुडाली, तरी ‘क्रीपी’ २००८ पासून डार्क हॉर्स प्रकाशनाने जाड खंडांत रीतसर छापलंच ना! मागणी करा, पैसे मोजा.

दिवाभीत
मागणी तयार व्हायला आधी कुणीतरी वाचलेलं लागतं हो! आमच्या काकांचे मराठी इंद्रजालचे गठ्ठे घर बदलताना रद्दीत गेले. तेव्हा कुणी स्कॅन केले असते तर मी आज त्याच्या पाया पडलो असतो. कायदा कागद वाचवत नाही.

ठाणेकरीण
कायद्याने चित्रकाराचं घर चालतं. काकांचं दुःख त्यावर उत्तर नाही.

कुंचला
मूळ मुद्द्यावर या. सरळरेघ, तुम्हाला लेखकाची स्वतःची गोष्ट हवी ना? ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’ (१९६६) मधला तो दणकट पाद्री घ्या. सिनेमात तेवढाच. लेखक स्टीव्ह मूर आणि बोल्टनने ‘हाऊस ऑफ हॅमर’मध्ये त्याची ‘फादर शांडोर, डीमन स्टॉकर’ ही स्वतंत्र मालिका केली. हॅमरने तसा सिनेमा कधी काढलाच नाही. १९८२ ला स्किनने ‘वॉरियर’ हे चित्रकथांचं मासिक काढलं तेव्हा शांडोर तिथेही आला, ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ या गाजलेल्या मालिकेच्या शेजारी. आणि ‘हाऊस ऑफ हॅमर’मध्ये ‘व्हँपायर सर्कस’ची चित्रकथा काढणारा ब्रायन बोलंड पुढे ‘द किलिंग जोक’ या बॅटमनच्या कॉमिकचा चित्रकार झाला.

सरळरेघ
शांडोरचं म्हणणं ठीक. ती मालिका जाहिरात नव्हती, एवढं मानतो. रूपांतरांबद्दल माझं मत तेच: सिनेमा न पाहिलेल्याला ती अर्धवटच वाटणार. ‘वेअरवुल्फ’ कागदावर पाहायला मिळाला तर पुन्हा वाचेन. तो धुतलेला स्कॅन पाठवू नका.

खवीस
न धुतलेला आहे माझ्याकडे. पाठवतो.

ठाणेकरीण
इथे दुवा टाकलात तर तक्रार करेन. खरंच करेन.