थंड समुद्रात उभ्याची जेट स्की: वेटसूट घेऊ की ड्रायसूट?

नमस्कार मंडळी, मी बेळगाव, टिळकवाडीचा. मार्चमध्ये भावाकडे इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला चाललोय. तिथं त्याची उभ्याने चालवायची जेट स्की लाटांत चालवायची आहे. माझा सगळा सराव गोव्याच्या कोमट पाण्यातला, आणि कॉर्नवॉलला मार्चमध्ये पाणी साधारण १० अंशांवर असतं. एका वेळी तासभर पाण्यात राहायचं, आणि पडणं तर चालूच राहणार.

मित्राचा ३ मिमी जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) घालून बघितला. खांदे आवळतात, हँडल ओढून उठताना हात लगेच भरून येतात. सैल घ्यावा तर प्रत्येक लाटेला गार पाणी आत शिरणार. ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही, त्यात आत गरम कपडे घालता येतात, पण गुडघे ट्रेवर (जेट स्कीवर उभं राहायच्या जागेवर) घासून तो फाटला आणि पाणी भरलं तर? ही भीती मला खरंच वाटते.

लाइफ जॅकेट आहे, ते वरून घालणारच. उंची साडेपाच फूट, खांदे रुंद. खरेदी तिथं पोचल्यावरच करणार, कारण घालून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

५/४ मिमीचा (धडाला ५, हातापायांना ४ मिमी जाड) वेटसूट, हूड (डोक्याची टोपी) आणि ५ मिमीचे बूट एवढ्यावर भागेल का, की ड्रायसूटच लागेल? आणि थ्रॉटलवरच्या (वेग वाढवायच्या खटक्यावरच्या) बोटाला नीट कळावं, यासाठी हातमोजे किती जाडीचे घ्यावेत?