यान म्हणजे टमटम नव्हे

खानापूरकर: इथल्याच एका पोस्टीत वाचलं, "विज्ञानकथेत पुढचं यान गाठायचं तर वेग वाढवायचा, एवढं पुरे. कीस काढू नका." पुरे कसं ओ? पृथ्वीभोवती ४०० किमीवर पुढच्या यानाकडं तोंड करून इंजिन लावलं की कक्षा उंचावते, फेरी लांबते, तुम्ही मागं पडता. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून अंतराळवीर मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटचा रिकामा टप्पा असाच गाठायला गेला. इंधन जळलं, टप्पा हुकला. आधी वेग कमी करून खाली उतरायचं, पुढं सरकायचं, मग वर यायचं.

टिळकवाडी: शंभर मीटरच्या आत सरळच जातात की! कथेतला थरार तिथलाच असतो.

खानापूरकर: जातात, पण मुंगीच्या पावलानं. इस्रोच्या स्पेडेक्सची, म्हणजे दोन उपग्रह अंतराळात जोडायच्या प्रयोगाची, जोडणी सेकंदाला साधारण १० मिलिमीटरनं ठरवलेली. जानेवारी २०२५ मध्ये ड्रिफ्ट, म्हणजे आपोआप सरकणं, जास्त आला म्हणून लांबवली, १६ तारखेला झाली.

उद्यमबागी: नाक वळलं म्हणजे वाट वळली, हे तर सगळेच लिहितात. रिअॅक्शन व्हील, म्हणजे यानाच्या आतलं चाक, फिरवलं की यान उलट्या बाजूला वळतं, मार्ग तसूभर हलत नाही. त्यासाठी इंजिनच लावायला हवं. शिवाय चाकाचा वेग कमाल मर्यादेला पोचला की थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, मारून तो उतरवावा लागतो.

निपाणीवाला: ते ऱ्हाऊ दे. मराठी कथेतला नियंत्रण कक्ष कायम पुण्या-मुंबईतच का? इस्ट्रॅक, म्हणजे यानांवर नजर ठेवणारं इस्रोचं केंद्र, बंगळूरला, संदेश पकडणारी ३२ मीटरची तबकडी जवळच्या ब्यालालूला. आपल्याच कर्नाटक राज्यातलं चालत नाही होय?

टिळकवाडी: "आपल्याच"? १९५६ पासून ते ठरायचंय!

निपाणीवाला: आला सीमाप्रश्न! तबकडीला भाषा कळत नाही ओ.

टिळकवाडी: पाटीला कळते की. पाटीवरची मराठी गेली, आता कथेतला कक्षही देऊन टाका.

निपाणीवाला: कथेत कक्ष हलवल्यानं कुणाची पाटी पुसत नाही. उगाच तापू नका.

उद्यमबागी: भांडा खुशाल. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान पोचलं तेव्हा संदेशाला एका बाजूनं साडेबारा मिनिटं लागत होती. आज्ञा आधीच चढवलेल्या. कक्षातून "डावीकडं घे" हे पुण्यातूनही खोटं, बंगळूरातूनही. कप्तानालाच मोजू दे. नुसत्या ताऱ्यांवरून यानाचा रोख कळतो. ठिकाण हवं तर तारा आणि ग्रहाची कड यांतला कोन लागतो. अपोलोत त्यासाठी सेक्स्टंट हे कोन मोजायचं यंत्र होतं.

टिळकवाडी: बरं, घालतो तुमचा कोन. पण ९२ मिनिटांची एक फेरी, पाठलाग संपायचा कधी?

खानापूरकर: डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६-ए नं जेमिनी ७ ला सुमारे सहा तासांत गाठलं. तेवढ्या वेळात तुमच्या पात्रांचा सीमावाद दोनदा होईल.