लघवीची नळी आतून साफ करणारे चुंबकीय रोबो

सुहास:
माझ्या वडिलांच्या मानेत मज्जारज्जूला इजा झाल्यापासून त्यांना कायमची फोली नळी (टोकाजवळचा फुगा फुगवून मूत्राशयात बसवलेली लघवीची नळी) आहे. बदलायची तारीख येण्याआधीच तिच्यात पांढरट, वाळूसारखे क्षार साचतात, युरोबॅगेत (लघवी जमा होणाऱ्या पिशवीत) लघवी उतरायची थांबते आणि नळीच्या कडेने झिरपू लागते. बाहेरून चुंबक फिरवून नळीच्या आतला थर खरवडणाऱ्या मऊ रोबोंवर प्रयोग चालू असल्याचे वाचले. हे कसे घडते, आणि निघालेला गाळ मूत्राशयात तर जाणार नाही ना?

मेघना (यंत्र अभियंता):
सिलिकॉनसारख्या मऊ रबरात चुंबकीय धातूचे बारीक कण मिसळून पट्टी ओततात आणि तिचे निरनिराळे भाग निरनिराळ्या दिशांनी चुंबकित करतात. मग बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की पट्टी वाकते, वळवळते, पुढे सरकते. बॅटरी लागत नाही आणि तारही लागत नाही. जर्मनीत मेतिन सित्ती यांच्या गटाने २०१८ मध्ये जेमतेम ४ मिलिमीटर लांबीची अशी पट्टी चालवून, पोहवून दाखवली. नळीच्या सफाईसाठी मला अधिक मोलाचे वाटते ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे २०१९ चे काम. तिथे लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन घडवून जंतू मारतात, जंतूंना धरून ठेवणारा चिकट थर तोडतात आणि शेवटी चुंबकाच्या ओढीने तो मळ बाहेर काढतात. हा थर शाबूत असेपर्यंत आतल्या जंतूंवर प्रतिजैविकांचा परिणाम फारच कमी होतो, म्हणून नुसते जंतू मारून भागत नाही. अडचण अंतराची आहे: लहान चुंबकापासूनचे अंतर दुप्पट झाले की क्षेत्र साधारण एक अष्टमांश उरते, आणि नळीचे टोक तर ओटीपोटात खोल असते.

शुभांगी (परिचारिका, मूत्ररोग विभाग):
गाळाची शंका अगदी योग्य आहे. सफाई मूत्राशयाकडून पिशवीकडेच व्हायला हवी. शिवाय रोबो आत घालायला नळी आणि पिशवीचा जोड उघडला, तर बंद मार्ग मोडतो आणि संसर्गाला वाट मिळते. सोळा नंबरच्या नळीची बाहेरची जाडी सुमारे ५.३ मिलिमीटर असते. फुग्याची वाहिनी त्याच भिंतीतून जात असल्याने आतली पोकळी त्याहून बरीच अरुंद असते. बाहेरच्या बाजूने चढणारे जंतू तर आतल्या रोबोच्या हाती लागणारच नाहीत.

सुहास:
म्हणजे तूर्तास घरी काय करावे?

शुभांगी:
वारंवार क्षार साचत असतील तर बहुधा प्रोटियससारखे जंतू युरियापासून अमोनिया तयार करून लघवी अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) करत असतात, आणि त्यामुळे क्षार साचतात. त्याची तपासणी करून घ्या. नळी कितव्या दिवशी तुंबते याची नोंद ठेवा आणि डॉक्टरांशी बोलून त्याआधीच बदलायचा दिवस ठरवा. पूर्ण सिलिकॉनची नळी चालेल का, हेही विचारा, कारण त्याच नंबरच्या रबरी नळीपेक्षा तिची पोकळी मोठी असते. इजा मानेत असल्यामुळे सर्वांत महत्त्वाचे हे: अचानक डोके ठणकले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्यांना ताबडतोब बसते करा, नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का ते पाहा, आणि लघवी मोकळी होत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.