डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची फिल्ड टेस्ट : पंधरा दिवसांत दोन रिपोर्ट, खरा कुठला?

पेरूची_फोड
आईला आमवात आहे, सहा वर्षं एचसीक्यू चालू आहे (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तेच ते मलेरियाचं, कोविडमध्ये गाजलेलं). ते वर्षानुवर्षं घेतलं की मॅक्युलाला (पडद्याच्या मध्यभागाला) इजा होऊ शकते म्हणून डोळे तपासून घ्यायला सांगतात. यंदा टेन-टू फिल्ड केली, म्हणजे मधल्या भागात ६८ ठिकाणी बारीक उजेड लुकलुकवतात, दिसला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्यात चार ठिपके काळे आले (म्हणजे तिथला उजेड नीट दिसला नाही), आमची झोप उडाली. पंधरा दिवसांनी परत केली तर त्यातले तीन साफ आणि भलतीकडेच दोन नवे काळे! माझं मत सांगते, झोप झाली का, चहा झाला का यावर जी टेस्ट ठरते तिच्या भरवशावर औषध बंद करायचं की नाही हे ठरवू नये. ओसीटी (पडद्याचं स्कॅन) करा आणि मोकळे व्हा, मशीन फोटो काढतं, पेशंटला काही विचारत नाही.

चौथी_ओळ
अजिबात पटलं नाही. ओसीटी पडद्याचे थर दाखवते, माणसाला दिसतं किती ते नाही. आणि या औषधात काही जणांच्या फिल्डमध्ये आधी खूण दिसते, ओसीटीत नंतर. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात फिक्सेशन लॉस (नजर मधून किती वेळा हलली), फॉल्स पॉझिटिव्ह (उजेड नसताना किती वेळा बटण दाबलं) लिहिलेलं असतं ते बघितलंत का? फिक्सेशन लॉस २० टक्क्यांच्या वर गेला तर शेजारी दोन फुल्या छापून येतात, म्हणजे त्या टेस्टचा भरवसा कमी. शिवाय आपल्या आशियाई लोकांत इजा बऱ्याचदा मध्यापासून जरा लांब सुरू होते, म्हणून २०१६ च्या अमेरिकन शिफारशींत आपल्यासारख्यांना टेन-टूपेक्षा मोठा भाग तपासणारी २४-२ किंवा ३०-२ फिल्ड पण करायला सांगितलीय. ती केली का?

शंकासूर_७२
फुल्या नसल्या तरी ठिपके हलतातच हो. २००९ मध्ये मॅक्युलाच्या पेशंटांवर एमपी-१ वर हेच मोजलं होतं. एकेका ठिपक्याचा आकडा दोन टेस्टमध्ये ५.५६ डेसिबलपर्यंत (इथे हे आवाजाचं नाही, उजेडाचं माप) नुसत्या टेस्टच्या हेलकाव्यानेच इकडचा तिकडे होऊ शकतो असं निघालं. ३ डेसिबल म्हणजे उजेड दुप्पट, तर हे झालं साडेतीन पट! आणि एमपी-१ ही मायक्रोपेरिमेट्री, पडद्यावर नजर ठेवून डोळा हलला तर उजेडही हलवणारी. मग डोळा हलला ही सबब कुठे उरली?

चौथी_ओळ
त्याच अभ्यासात सगळ्या ठिपक्यांच्या सरासरीचा हेलकावा फक्त १.८१ डेसिबल होता, ते सोयीस्कर गाळलंत 🙂 थ्रेशोल्ड म्हणजेच असा उजेड जो दहा वेळा दाखवला तर पाचेक वेळा दिसेल, मग काठावरचा ठिपका एकदा हो एकदा नाही म्हणणारच, त्यात मशीनचं काय चुकलं. एकटादुकटा ठिपका बघायचाच नसतो, शेजारशेजारचे ठिपके मिळून त्याच जागी पुन्हा काळे आले तर दचकायचं.

शंकासूर_७२
हे तुम्हाला माहीत आहे, काळे ठिपके बघून घाबरलेल्या पेशंटला कोण सांगतं? रिपोर्ट हातात देतात आणि पुढचा नंबर.

पेरूची_फोड
आत्ता रिपोर्ट काढून बघितला. पहिल्यात फिक्सेशन लॉस ६/१४, शेजारी दोन फुल्या. दुसऱ्यात १/१४. आईला विचारलं तर म्हणते, "अगं तो उजेड कुठून येतो ते शोधत होते, निसटला तर?" मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचं हे तिला दुसऱ्या वेळी कळलं, पहिल्या वेळच्या टेक्निशियनने हनुवटी टेकवा, बटण दाबा एवढंच सांगितलं होतं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही, दुसऱ्या रिपोर्टमधल्या त्या दोन ठिपक्यांचं काय? ते एकमेकांपासून लांब आहेत.

चौथी_ओळ
मग तिसरी करा, सकाळच्या वेळी, सोबत २४-२ आणि ओसीटी. आणि गोळी परस्पर बंद करू नका, आमवात उसळला तर तो वेगळाच ताप.

पेरूची_फोड
गोळी चालूच आहे. मंगळवारची वेळ घेतलीय. आई म्हणतेय या वेळी एकही सोडणार नाही, तिला समजावतेय की सगळे पकडायचे नसतातच.