हार्ड डिस्क बदलली म्हणून नवीन की विकत घेऊ नका

मालवणच्या दुकानातला पीसी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) टाकल्यावर 'विंडोज सक्रिय नाही' म्हणतोय, आणि त्यावर इथे कुणीतरी सल्ला दिलाय, 'नवीन की, म्हणजे विंडोज सक्रिय करायचा कोड, विकत घ्या.' दादा, थांबा. पैसे अजिबात घालवू नका.

विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी, म्हणजे पीसीतल्या मुख्य सर्किट बोर्डशी, बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. तयार घेतलेल्या पीसीत विंडोज ८ पासून की बहुधा बायोसमध्येच (बोर्डावरच्या चिपमध्ये) असते. म्हणून इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा, पण आवृत्ती पूर्वीचीच घ्या. होमच्या जागी प्रो टाकलंत तर जुनं लायसन्स लागूच होणार नाही; बऱ्याच तक्रारी इथेच असतात. मग नेट जोडा. तरीही अडलं तर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर चालवा आणि 'नुकतंच हार्डवेअर बदललं' निवडा. त्यासाठी लायसन्स आधीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं हवं.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं वेगळं. जुनी डिस्क चालू असेल तर काढण्याआधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करा, म्हणजे त्या पीसीवरून मोकळं करा. डिस्क मेलीच असेल तर टॅलीच्या खात्यात लॉगिन करून रीसेट करता येतं. मात्र नोंदवलेला ईमेल हाताशी हवा. आपल्याकडे आंबा व्यापाऱ्यांचं टॅली बरेचदा अकाउंटंटच्या ईमेलवर असतं आणि ऐन एप्रिलमध्ये, पेट्या निघत असताना, तो ईमेल शोधत बसावं लागतं. तो आजच स्वतःच्या नावावर करून घ्या.

खाऱ्या हवेत मदरबोर्डही गंजतात. बोर्ड बदलला तर मात्र पीसीसोबत आलेलं विंडोज सहसा नव्या बोर्डावर चालत नाही, तेव्हा की लागू शकते.