व्हीआर खेळ: हेडसेटचे पैसे वसूल होतात का?

टॉपस्पिन
स्पष्टच लिहितो. व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात) वर्षभरानंतरही खेळावासा वाटेल असा खेळ एकच, टेबल टेनिस, म्हणजे टीटी (गेमचं नाव इलेव्हन). क्रिकेट, टेनिस, बॉक्सिंगचं नवल महिन्याभरात ओसरतं. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस हेडसेट २०२४ मध्ये २९९ डॉलरला आला, क्वेस्ट ३ त्याच्या आदल्या वर्षी ४९९ ला. नवलापोटी एवढे पैसे घालवू नका.
मुख्य अडचण वजनाची. बॅटऐवजी हातात धरायचा कंट्रोलर सेलसकट साधारण १२५ ग्रॅम, टीटीची बॅट १७०-१९०. मनगटाला हा फरक चालून जातो. क्रिकेटची बॅट सव्वा किलोची. तिचा बॅकलिफ्ट एवढ्याशा वजनात कुठून येणार?

स्वीपशॉट
असहमत. कंट्रोलर बसवायच्या बॅटा मिळतात, वजनाचा प्रश्न सुटतो. हैदराबादचा आयबी क्रिकेट हा गेम घ्या: ताशी १४० किमी वेगाची गोलंदाजी दिवाणखान्यात हवी तेव्हा खेळायला मिळते. नेटमध्ये कोण टाकणार तशी?

टॉपस्पिन
वेग आहे हो, पण दिसतं काय? २० मीटरवरचा चेंडू डोळ्याला जेमतेम ०.२ अंश भरतो. ३एसमध्ये एका अंशाला साधारण २० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके), म्हणजे अख्खा चेंडू चार पिक्सेलचा. शिवण कसली दिसणार त्यात! हातात अर्धा सेकंद, त्यातला पहिला भाग अंदाजपंचे. टीटीचा ४० मिमीचा चेंडू ३ मीटरवर पंधरा पिक्सेल भरतो. शिवाय फिरकी समोरच्याच्या बॅटवरून ओळखायची, आणि समोर खरा माणूस असतो. गोडी टिकते ती त्यामुळे.

खर्चाची_वही
दोघांच्याही हिशेबात वरखर्च नाही. परदेशातून मागवलेल्या हेडसेटवर आयात शुल्क, वर वॉरंटीची बोंब. चेहऱ्याला टेकणारं कापडी कव्हर घाम पितं, सिलिकॉनचं लावावं लागतं. चष्मा असेल तर नंबरची भिंगं आत बसवा; चष्म्याची काच लेन्सला घासली तर चरा कायमचा. खिडकीतलं ऊन लेन्सवर पडलं की आतला डिस्प्ले जळतो.
आणि पंखा! दोन बाय दोन मीटर मोकळी जागा सगळे मोजतात, वर कुणी बघत नाही. हेडसेटमध्ये आखलेली हद्द फक्त चार बाजूंना इशारा देते. टेनिसच्या सर्व्हिसला हात वर गेला की कंट्रोलर पात्यात.

पटर
मिनी गोल्फ कुणी धरलंच नाही. वॉकअबाउट हा गेम १५ डॉलरच्या आत, प्रत्येक कोर्सला १८ होल, शिवाय त्याची अवघड आवृत्ती. जादा कोर्स एकाने घेतला की सोबतचेही खेळतात. चेंडू पायाशी स्थिर, त्यामुळे पिक्सेलचं रडगाणं नाही. पाळीपाळीने खेळायचं, म्हणून पुणे-न्यू जर्सी जोडीलाही इंटरनेटच्या दिरंगाईचा त्रास नाही. इलेव्हनमध्ये तेच अंतर असेल तर चेंडू मधेच एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो.

टॉपस्पिन
पिंगचं (इंटरनेटवरच्या दिरंगाईचं) बरोबर. १०० मिलिसेकंदांच्या पुढचा प्रतिस्पर्धी घेऊच नये. पण गोल्फमध्ये गप्पाच जास्त, घाम कुठे येतो?

स्वीपशॉट
टीटीतही अर्धे जण आठवड्यात सोडतात, ते बॅटच्या कोनामुळे. मूळ सेटिंगवर बॅट हातापेक्षा वेगळ्या कोनात दिसते आणि चेंडू सारखा जाळीत.

टॉपस्पिन
ते पाच मिनिटांचं काम. खरी बॅट असेल तर आधी ती धरून बघा, मग कंट्रोलर तसाच धरा, मेनूत जाऊन गेममधल्या बॅटचं पातं त्या कोनात येईपर्यंत फिरवा. टेबलाची उंची ७६ सेंमी येतेय का, तेही तपासा. जाळीजवळच्या चेंडूला टेबलावर हात टेकू नका. टेबल नाहीये तिथे.