प्राण्यांची गोलाकार गोष्ट: मुलं लगेच घरी परततात

प्रश्न: दुसरीची मुलं गोलाकार गोष्टीत (म्हणजे जिथे सुरू होते तिथेच संपणाऱ्या गोष्टीत) सशाला बिळाबाहेर काढतात आणि तिसऱ्याच वाक्यात घरी आणून मोकळी होतात. काय करावं?

उत्तर १: आधी लिहायला लावूच नका. कागदभर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करा. सर्वात वर बीळ; सुरुवात तिथेच, शेवटही तिथेच. बाकी पाच भागांत घड्याळाच्या दिशेने चित्रं, मग प्रत्येकाखाली एकच वाक्य.

उत्तर २: चित्रांना जोडणारं कारण नसलं की मूल थेट घर गाठतं. दोन चित्रांमध्ये बाण काढून त्यावर ‘म्हणून’ लिहा: तहान लागली, म्हणून ससा तळ्यावर गेला, तळं आटलेलं, म्हणून त्याने बगळ्याला विचारलं. इथे घाई अजिबात नको.

उत्तर ३: पहिलीला चार भाग पुरेत. परतल्यावर सशाला काय नवं कळलं, हे मात्र आवर्जून विचारा.